डावी करंगळी

पश्चिम मांबलम, चेन्नई
३ जून २०२४

कृष्णकांतराव,

हे अक्षर तुम्ही ओळखाल की नाही, ठाऊक नाही. हात कापतो आता. मी गुंडो. आपल्या कारखान्याच्या बँडातला पहिला क्लॅरिनेट. तुम्ही माझ्या डावीकडच्या खुर्चीत बसत होता. तीनच आठवडे, पण बसत होता.

टेलिफोन केला असता, परंतु माझे कान गेले. प्रेसशॉपमधल्या यंत्रांच्या आवाजाने नेले म्हणा किंवा वयाने. समोरचा ओरडतो आणि मला त्याचे नुसते तोंड हललेले दिसते. म्हणून कागद घेतला.

माझी नात हरिप्रिया, वय सतरा, क्लॅरिनेट वाजविते. मीच शिकविले. शेवटली चार वर्षे तर तिच्या बोटांकडे पाहूनच शिकवितो, ऐकू येत नाही. २४ ऑगस्टला एका मोठ्या वाद्यवृंदाची निवड आहे. क्लॅरिनेटची जागा एकच. मिळाली तर पुढले शिक्षण, गुरू, वसतिगृह, सर्व त्यांचे. न मिळाली तर तिचा बाप तिला श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात चिकटविणार. अर्ज भरून ठेवला आहे त्याने. कंपनीची बस आमच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबते, हे तो रोज एकदा सांगतो.

वाद्य माझेच जुने. ते नीट करणारा माणूस कोण, असे चार ठिकाणी पुसले. चौघांनीही अंबत्तूरचे एकच नाव कागदावर लिहून दिले. तुमचे. 

शनिवारी तिला तुमच्याकडे पाठवितो. नाही म्हणालात तरी राग नाही.

गुंडो


अंबत्तूर
९ जून २०२४

ताई,

आला! एकतीस वर्षं लागली, पण आला. स्वतःच्या पायांनी नाही, नातीच्या पायांनी. गुंडो! सोबत त्याच्या पत्राची झेरॉक्स जोडली आहे, वाच आणि जपून ठेव.

तू म्हणशील कोण गुंडो. विसरली असशील तर पुन्हा सांगतो, मला कंटाळा येत नाही. ९३ साली मी इथे आलो तो मिरजेच्या लग्नाच्या बँडात शिकलेला, कानाने वाजवणारा पोरगा. कारखान्यात रोजंदारीवर. बँडात दुसऱ्या क्लॅरिनेटची जागा निघाली. ती मिळाली की फिटर म्हणून कायम. परीक्षा तीन आठवड्यांवर. त्यांचं वाद्य नवीन पद्धतीचं, मी तसं कधी हातात धरलेलं नाही. त्यात काही सूर डाव्या करंगळीनेही वाजतात आणि उजव्या करंगळीनेही. कुठे कोणती वापरायची ते ज्याला कळलं त्याचे सूर तेल घातल्यासारखे निघतात, न कळलं तो अडकतो.

परीक्षेच्या तुकड्यात एक चढ होता. बी, सी शार्प, डी शार्प, भरधाव. पहिले दोन सूर कुठल्याही बाजूने घ्या. तिसऱ्याची कळ मात्र एकट्या उजवीकडे. म्हणजे मागून मोजत यायचं: डी शार्प उजवीने, तर त्याआधी सी शार्प डावीने, त्याआधी बी उजवीने. करंगळ्या पायांसारख्या आळीपाळीने पडल्या पाहिजेत. आज हे मी झोपेत सांगेन. तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून गुंडोला विचारलं. तंजावरकडचा मराठी माणूस, आपला म्हणून विचारलं. त्याने माझ्या कागदावर पेन्सिलीने खुणा करून दिल्या. उलट्या! आधी डावी, मग उजवी. म्हणजे शेवटचे दोन्ही सूर उजव्याच करंगळीवर, आणि एका कळीवरून दुसरीवर ती घसरवत न्यायची. मी तीन आठवडे करंगळीला खोबरेल लावून घसरवत बसलो, ताई. मला वाटायचं दोष माझ्या बोटात आहे. परीक्षेत त्याच जागी सूर फाटला. जागा मिळाली वेंकटला, गुंडोच्या बायकोच्या भावाला. दोन महिन्यांनी एका चर्चच्या बँडवाल्याने मला खरी बोटं दाखवली तेव्हा सगळा उलगडा झाला.

तर काल ती मुलगी आली. मांबलमहून दोन बस बदलून. गोड पोरगी आहे, त्याला माझा इलाज नाही. म्हणाली, "अंकल, कॉर्क सुटलंय, तेवढं बघता?" मी म्हटलं, आधी वाजव. आणि ताई, त्याच चढावर मला ऐकू आलं. टक. सी शार्प डावीने घेतला की सुराच्या आधी मोहरी फुटल्यासारखा बारीक टक. तिला सवयीने ऐकू येत नाही. आजोबाला तर काहीच येत नाही. माझ्या वर्कशॉपच्या शेडमध्ये सोळा यंत्रं चालू असताना कुठली स्प्रिंग सैल निघाली ते मला पाठमोरं कळतं. हे काय कळणार नाही? डाव्या कळीच्या टोकाला पेन्सिलीच्या शिशाएवढी एक पिन असते. ती मुळाशी तडकली आहे. वीस मिनिटांचं काम. न केलं तर एक दिवस ती तुटणार, आणि ज्या क्षणी तुटेल त्या क्षणी डाव्या करंगळीखाली काहीच उरणार नाही.

मी कॉर्क बसवलं. कामाच्या बाईने कॉफी आणून दिली, ती पोरीला पाजली. आणि गप्प बसलो.

मला काही करायचंच नाहीये, ताई. इतका सोपा सूड कोणाच्या वाट्याला येतो?

तुझा कृष्णा


मिरज
१८ जून २०२४

कृष्णा,

पत्र मिळालं. तुझं अक्षर सुधारलं आहे, बाकी काही सुधारलेलं दिसत नाही.

गुंडो कोण ते मी विसरले नव्हते. गेली एकतीस वर्षं तू प्रत्येक दिवाळीला येतोस आणि चिवड्याबरोबर गुंडो वाढून घेतोस. मुलांना तो कोणीतरी राक्षस वाटत असे. आमचा उन्मेष लहान असताना जेवला नाही की आम्ही त्याला गुंडोचं नाव सांगायचो.

एक विचारते. पस्तीस वर्षं मी पोरांच्या वह्या तपासल्या. पोर म्हणतं, "बाई, त्याने मला शिवी दिली." मी म्हणायचे, तुझ्या शब्दांत नको, त्याच्या शब्दांत सांग. तर त्याने त्या कागदावर नेमकं काय लिहिलं होतं? "आधी डावी, मग उजवी" अशी अक्षरं होती, की हा तुझा अर्थ? इतक्या वर्षांत हे तू एकदाही सांगितलेलं नाहीस आणि माझंही विचारायचं राहिलं.

आणि त्या मुलीने तुझं काय केलं आहे? हा प्रश्न उत्तरासाठी नाही, नुसता वाचण्यासाठी आहे.

ताई


अंबत्तूर
२२ जून २०२४

गुंडोराव,

तुमची नात येऊन गेली. फार आनंद झाला. एवढ्या वर्षांनी जुन्या माणसाची आठवण ठेवलीत, हेच पुष्कळ.

वाद्य पाहिलं. लाकूड अजून काय सुरेख आहे! कॉर्क नवीन बसवलं आहे. पैशाचं नाव काढू नका, आपण एका बँडातली माणसं. मुलीचा दम चांगला आहे, कान बरा आहे, बोटं तुमचीच.

एकच सुचवतो. तो बी, सी शार्प, डी शार्पचा चढ आहे ना, तिथे सी शार्प डावीनेच घेऊ द्या. तुम्हाला मी काय सांगणार, ही बोटं तुम्हाला माझ्या आधीपासून पाठ. पण तिची डावी करंगळी अजून कच्ची वाटते. रोज दोनशे वेळा तो चढ करून घ्या. न चुकता. जोरात दाबू द्या, लाजू देऊ नका. ऑगस्टपर्यंत काय फरक पडतो ते बघा.

मधे एकदा, जुलैत, पुन्हा पाठवा. मी ऐकेन.

आपला
कृष्णकांत


अंबत्तूर
१४ जुलै २०२४

ताई,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर काल मिळालं. ते त्या मुलीने दिलं, तिला माहीतही नाही.

शनिवारची आली होती. तिचा कागद मी स्टँडवर लावला, आणि चढाच्या डोक्यावर पेन्सिलीने दोन अक्षरं दिसली. बी वर "व". सी शार्पवर "इ". तेच वळण, तीच पेन्सिल दाबून लिहायची रीत.  म्हणजे नातीलाही तो उलटंच शिकवतोय? मी म्हटलं, वाजव. तिने वाजवलं, आणि बोटं अगदी बरोबर पडली. उजवी, डावी, उजवी.

मी विचारलं, "अगं, इथे व म्हणजे वाम ना? वाम म्हणजे डावं."

ती हसायला लागली. "वाम काय, अंकल? व म्हणजे वलदु. इ म्हणजे इडदु. तात्ता असंच लिहितात. मराठी अक्षर, तमिळ शब्द. आमच्या घरी वाणसामानाची यादी पण तशीच."

तात्ता म्हणजे आजोबा. वलदु म्हणजे उजवं. इडदु म्हणजे डावं. ताई, मी हे शब्द रोज शंभर वेळा बोलतो. रिक्षावाल्याला बोलतो, कामगारांना बोलतो. पण ९३ साली मला तमिळ एक अक्षर येत नव्हतं. आपल्या शाळेत संस्कृत होतं. व पाहिला आणि मी वाम वाचलं. मग इ कशाचा? इतर. उरलेली ती. इतकं हुशार होतो मी. बाकीचं काम खोबरेलाने केलं. त्या कागदाचं तोंड मी पुन्हा कधी पाहिलं नाही, बँडच्या कपाटात परत गेला. माझ्या डोक्यात राहिला तो अर्थच. तू म्हणालीस तसा.

मी खुर्चीत बसलो. ती म्हणाली, "अंकल, बीपी आहे का?" पाणी आणून दिलं तिने. माझ्याच माठातलं पाणी मला आणून दिलं.

आता तुला सगळंच सांगतो. मधे मी गुंडोला एक फार गोड पत्र लिहिलं होतं. रोज दोनशे वेळा डावी करंगळी दाबून घ्या म्हणून. सल्ला शंभर टक्के खरा, कुठल्याही उस्तादाला दाखव. फक्त त्याने ती पिन लवकर तुटली असती. काल ऐकलं, टक वाढला आहे.

पोरगी गेल्यावर मी स्वतः लेथवर बसून नवीन पिन काढली. ३ ऑगस्टला ती पुन्हा येणार आहे, तेव्हा बसवून टाकतो. एवढ्याशा कामाला तिला काही सांगायला नको. गुंडोला आजच लिहिलं. सगळं लिहिलं, व आणि इ आणि एकतीस वर्षं, आणि माफी मागितली. जड गेलं, पण लिहिलं. पिनेचं मात्र लिहिलं नाही. ती बसवल्यावर आपोआपच मिटेल.

दिवाळीला चिवडा नुसता दे.

कृष्णा


पश्चिम मांबलम
२० जुलै २०२४

कृष्णकांतराव,

तुमचे पत्र तीन वेळा वाचले. चौथ्यांदा वाचवेना. तुम्ही माझी क्षमा मागता. हे मला सोसत नाही, म्हणून जे कोणास सांगितले नाही ते लिहितो.

खुणा करून दिल्या तेव्हा माझे मन स्वच्छ होते. आम्हां घरी लिहितात तशा लिहिल्या. तुम्हांस तमिळ येत नाही हे ध्यानातच आले नाही.

परंतु परीक्षेच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, मी स्टोअरच्या पत्र्याआड डबा खात होतो. पलीकडे तुम्ही तो चढ घोटीत होता. तेव्हा माझे कान तुमच्याइतकेच तिखट होते. बोट घसरते आहे हे मी ऐकले. पाच वेळा, सहा वेळा. आणि एकाएकी मला कळले की या मुलाने व चा अर्थ वाम केला. उठून पत्र्याच्या त्या बाजूस यावयाचे आणि एक शब्द बोलावयाचा, इतकेच काम होते. चार पावले.

मी डबा धुतला आणि आत गेलो.

वेंकट दुसऱ्या दिवशी परीक्षेस बसणार होता. घरी पत्नी रोज त्याचेच बोलत असे. मी स्वतःस सांगितले की मी काही केले नाही. खरेच आहे, काही केले नाही. वेंकटने ती नोकरी चार वर्षांत सोडली आणि आखातात गेला. कारखान्याच्या बँडाचे कपडेही परत केले नाहीत.

तुम्ही चुकीचे वाचले ते एक दिवस कळून तुम्हीच दुरुस्त केले. माझे ते आदल्या दिवसाचे दुरुस्त होत नाही. म्हणून क्षमा परत पाठवितो. ती माझी नव्हे.

गुंडो


अंबत्तूर
२५ जुलै २०२४

गुंडो,

राव लिहीत नाही. तुझ्या पत्रानंतर हात वळत नाही.

आठवडाभर मी माणसांत आलो होतो. हसत होतो. कामगार विचारत होते, सायबांना काय झालं. एकतीस वर्षांचा राग चुकीचा निघाला म्हणून मला इतकं हलकं वाटत होतं की लाज वाटावी. आणि आता तू कळवतोस की राग बरोबरच होता, फक्त त्या कागदावरचा नव्हे, परीक्षेच्या आदल्या दिवसाचा.

उलटं लिहिलं असतंस तर मी समजू शकलो असतो. माणूस नातेवाइकासाठी खोटं लिहितो. पण तू ऐकत बसलास. माझं बोट घसरतंय, माझी कायमची नोकरी घसरतेय, आणि तू पत्र्याआड ताक-भात खात मोजत होतास. पाच वेळा, सहा वेळा.

आता माझं ऐक. ऐकू येत नसेल तर वाच.

तुझ्या नातीच्या वाद्यात एक दोष आहे. ८ जूनला, पहिल्या दहा मिनिटांत, मी तो ऐकला. परीक्षेपर्यंत टिकेल किंवा न टिकेल. न टिकला तर ती वाजवता वाजवता थांबेल, लोकांसमोर, आणि तिला कळणारही नाही काय झालं. मला कळलं नव्हतं तसंच.

कोणता दोष, ते सांगणार नाही. दुसऱ्या कोणाकडे नेलंस तर तो पॅड पुसेल, तेल घालेल आणि सगळं छान आहे म्हणेल. ऐकणारा एक मी आहे, आणि एक तू होतास.

३ तारखेला तिला पाठवू नकोस. शेडला कुलूप असेल. मीही काही करत नाहीये, गुंडो. नुसता डबा धुतोय.

कृष्णकांत


मिरज
५ ऑगस्ट २०२४

कृष्णा,

पत्राची नक्कल मला पाठवलीस ती कशासाठी? शाबासकी हवी होती?

पिन बसव. मग भांड हवं तेवढं.

ताई


पश्चिम मांबलम
१९ ऑगस्ट २०२४

कृष्णकांतराव,

दोष सापडला.

तुमचे पत्र आले त्या दिवशी मी ते हरिप्रियेस वाचून दाखविले. माझ्या पत्राची नक्कल ठेविली होती, तीही दाखविली. लपविण्याचा मला आता कंटाळा आला आहे. तिने दोन्ही ऐकली, आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मला पुसले: "तात्ता, तुम्ही दोघं वयाने किती?" त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी क्लॅरिनेटपुरतेच बोलली. पाचव्या दिवशी कागदावर लिहिले, पोळी घ्या.

तिच्या बापाने लिहून दाखविले, दुकानात न्या, नवीन घ्या. तिने खाली लिहिले, नको, तात्ता शोधतील. तिने तसे का म्हणावे, मला समजले नाही. बहिरा माणूस काय शोधणार? तुम्हीही तेच धरून चालला होतात.

मी नेसावयाची एक वेष्टी जमिनीवर पसरली आणि सर्व कळा काढून ओळीने मांडल्या. मी बँडवाला नंतरचा, आधी फिटर. प्रत्येक स्क्रू, प्रत्येक स्प्रिंग भिंगाखाली पाहिली. पॅडखाली पातळ कागद धरून ओढून पाहिला. काही मिळाले नाही. सर्व परत जोडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढले. असे आठ दिवस.

मग एका सकाळी ती वाजवीत असता मी वाद्याच्या लाकडावर नख टेकवून बसलो. वाजव म्हटले, एकेक सूर, प्रत्येक सूर जितक्या बोटांनी येतो तितक्या बोटांनी. डावीने, मग उजवीने. सी शार्प उजवीने घेतला तेव्हा नखास काही नाही. डावीने घेतला तेव्हा मुंगी चावली. पुन्हा घ्यावयास सांगितले. पुन्हा चावली, आणि या वेळी तिनेही कान देऊन कागदावर लिहिले: टक. पिन. मुळाशी तडकलेली. भिंगात इतके दिवस ती मला धड दिसत होती, कारण तड खालच्या अंगास होती.

शिलाईच्या मशिनीची सुई कापली आणि कानशीने घासून नवीन पिन केली. दोन फुकट गेल्या, तिसरी बसली. आवाज होऊ नये म्हणून नळाला गुंडाळतात ती पांढरी पट्टी तिच्याभोवती एक फेरा दिली. हात कापतो, म्हणून धरण्याचे काम हरिप्रियेने केले.

मग मी तुमचे जूनचे पत्र पुन्हा वाचले. "रोज दोनशे वेळा. जोरात दाबू द्या." तिने ते मनापासून केले होते, कृष्णकांतराव. वहीत रेघा मारून. दुसऱ्या कोणी असा सल्ला दिला असता तर मी त्यास थोर गुरू म्हटले असते.

ते जूनचे पत्र मी तिच्यापासून लपविणार होतो. परंतु तिनेच तुमची जूनची आणि जुलैची दोन्ही पत्रे शेजारी ठेवून तारखा जुळविल्या. कंपासपेटी बंद केली आणि आत गेली.

आपल्या दोघांत अधिक वाईट कोण, हे मी ठरवावयास बसलो होतो. सोडून दिले. 

निवड शनिवारी सकाळी दहा वाजता, एग्मोरला, शाळेच्या सभागृहात. पत्ता मागे लिहिला आहे. तुम्ही येणार हे मला ठाऊक आहे. तुमचे पाय राहतील घरी, कान राहणार नाहीत.

गुंडो


अंबत्तूर
२५ ऑगस्ट २०२४

ताई,

गेलो होतो. गुंडोने लिहिलं होतं तसंच झालं. दहाची वेळ, मी सव्वानऊला हजर.

नवीन पिन खिशात होती. कशाला घेतली, मला विचारू नकोस. तपकिरीच्या डबीत कापूस घालून घेतली होती.

सभागृहाच्या बाहेर लांब व्हरांडा आहे, तिथे बाकावर बसलो. दार लोटलेलं होतं, पण मला दार काय अडवणार. आठ पोरं होती. हरिप्रिया सहावी. गुंडो पलीकडच्या टोकाला उभा होता, पांढरी वेष्टी, इस्त्रीचा सदरा, काठी. फार वाळला आहे. त्याने मला पाहिलं, मी त्याला पाहिलं. मान कोणीच हलवली नाही. मग तो दाराच्या काचेला चिकटून उभा राहिला, तिची बोटं दिसावीत म्हणून.

सुरुवात तिने छान केली. खालचे सूर असे, की माझ्या शेजारी बसलेली एक आई आपल्या मुलाला समजावत होती ती गप्प झाली. मग चढ जवळ येऊ लागला. तुला खरं सांगतो, कारण तुला खोटं सांगून पचत नाही. ताई, मला ती पिन तुटायला हवी होती. खिशात नवीन पिन घेऊन बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, तुटू दे. सुईची पिन, कापऱ्या हाताने केलेली, ती किती टिकणार? बी. सी शार्प. डी शार्प. उजवी, डावी, उजवी. टक नाही. मुळीच नाही. तो चढ चार वेळा येतो त्या तुकड्यात. चारही वेळा पाण्यासारखा. चौथ्यांदा तर तिने मुद्दाम थोडा वेग वाढवला, ते कोणासाठी होतं हे दाराबाहेर एका माणसाला कळलं.

मला आनंद झाला असं लिहिलं तर तू विश्वास ठेवशील? मीच ठेवत नाही. काहीतरी सुटलं एवढं कळलं. चांगलं की वाईट, ते अजून तपासतोय.

एक वाजता नावं वाचली. क्लॅरिनेट, हरिप्रिया. गुंडोला ऐकू आलं नाही. सगळे त्याच्याकडे बघायला लागले तरी तो काचेतून आतच बघत होता. शेवटी तिने बाहेर येऊन त्याच्या तळहातावर बोटाने काहीतरी लिहिलं. मग तो तिथेच, चपलांच्या ढिगाशेजारी, खाली बसला.

मी निघायला हवं होतं. निघालो नाही. डबी हातात घेऊन उभा राहिलो. ती माझ्याकडे आली. हसत नव्हती, रागावलेलीही दिसली नाही. गिऱ्हाइकाशी बोलावं तशी बोलली.

"ऐकलं, अंकल?"

"ऐकलं."

"टक आला?"

"नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही."

"मग अजून कशास थांबलात?"

ताई, ती थट्टा नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. उत्तराची वाट बघत ती उभी राहिली, चांगलं अर्धं मिनिट, माझ्या तोंडाकडे बघत. मला साठीच्या उंबऱ्यावर एक वाक्य जुळवता आलं नाही. मग तिला कोणीतरी हाक मारली आणि ती गेली.

बसने घरी आलो. कालपासून तेच डोक्यात आहे. तू पस्तीस वर्षं पोरांना उत्तरं लिहायला लावलीस. यालाही काही उत्तर असेल तर उलटटपाली कळव. मला लिहून तिला पाठवायचं आहे.

कृष्णा